तिसऱ्या पासाचा माणूस

गेल्या महिन्यात कॅनडाहून माझ्या नातीचा, सईचा फोन आला. आवाज रडवेला होता. मुलींच्या आइस हॉकी संघात तिला या वर्षी आघाडीच्या पहिल्या फळीत जागा मिळाली होती. आमच्या घरी यावर पेढे आले असते.

"आजी, कोच म्हणाली, तू फक्त कोपऱ्यात जाऊन पक काढून द्यायचा आणि गोलसमोर उभं राहायचं. गोल बाकीच्या दोघी करणार."

"मग?"

"मग मी काय त्यांची मेड आहे का?"

मागून तिच्या धाकट्या भावाने, ईशानने, "हो!" असं ओरडून घेतलं आणि मग फोनवर दोघांची मारामारी ऐकू आली. मी नंतर बोलते म्हणून फोन ठेवला. नीट उत्तर द्यायला पाच मिनिटं पुरणार नव्हती. त्याच आठवड्यात आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक बाईंनी "नोकरीतले अनुभव लिहा" असं सांगितलं. मला एका कागदात दोन कामं झालेली आवडतात. तेव्हा सई आणि ईशान, हे तुमच्यासाठी आहे. बाबा वाचून दाखवेल. इतरांनी वाचायला हरकत नाही.

सौदीत राहणाऱ्या मराठी बाईचा आइस हॉकीशी काय संबंध, हे आधी सांगते. बावीस वर्षं मी इथल्या भारतीय शाळेत इंग्रजी शिकवलं. मग गुडघ्यांनी जिने चढायचं नाकारलं. त्याच सुमाराला खोबर शहरातल्या एका मॉलमधल्या बर्फाच्या रिंकला ऑफिस सांभाळणारं माणूस हवं होतं. इंग्रजी पत्रं, नोंदवह्या, बुकिंग, स्केट्सची मापं, पडलेल्यांची मलमपट्टी. ऑफिस तळमजल्यावर होतं, म्हणून मी होकार दिला. अकरा वर्षं राहिले. बाहेर गाडीच्या दाराला हात लावता येऊ नये असं ऊन, आणि मी आत टेबलाशी स्वेटर घालून, मफलर गुंडाळून बसलेली. तुमचे आजोबा मला न्यायला यायचे तेव्हा मॉलच्या दारातच थांबायचे. आत आले की त्यांना शिंका सुरू व्हायच्या.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका गृहस्थांनी अगदी अदबीने विचारलं होतं, "मॅडम, मुलीला सर्दी आहे. बर्फ जरा कमी थंड करता येईल का?" एका बाईंच्या अबायाचं टोक स्केटच्या पात्यात अडकलं. अबाया भाचीच्या साखरपुड्यासाठी शिवलेला, त्यामुळे त्या कात्री आणू देईनात. मी दुखऱ्या गुडघ्यांनी जमिनीवर बसून अर्धा तास एकेक धागा सोडवला. शेवटी त्यांनी मला साखरपुड्याचं आमंत्रण दिलं आणि मी गेलेही. वाळूचं वादळ आलं की दारांच्या फटींतून धूळ आत यायची, बर्फ तांबूस व्हायचा आणि स्केट्सची पाती बोथट व्हायची. अशा दिवशी सगळ्यांचा राग माझ्यावर. जणू वाळू मी मागवली होती.

शुक्रवारी दुपारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, मोठ्या माणसांचे हॉकीचे सामने असायचे. खोबरचा आमचा एक संघ, जुबैलच्या कारखान्यांतल्या लोकांचा एक, आणखी दोन. गोल कुणी केला, कुणाच्या पासवर केला, हे लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मी खाडाखोड करत नसे. याचा मला अभिमान होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. पक म्हणजे कडक रबराची जाड चकती. ती वाकड्या काठीने मारायची. बर्फावर एका बाजूचे गोलरक्षक धरून सहा जण. त्यांतले पुढचे तिघं म्हणजे आघाडीची फळी. या खेळात दम इतका लागतो की पाऊण मिनिटात माणूस धापा टाकत बाहेर येतो आणि दुसरी फळी आत जाते. म्हणून तीन-चार फळ्या तयार ठेवाव्या लागतात. कुणाला कुणाबरोबर ठेवायचं, हीच खरी कला. ती मला येत नव्हती, आणि येत नाही हेही मला माहीत नव्हतं.

आमचे कोच ग्लेन, कॅनडाचे. तेल कंपनीत वेल्डिंग तपासायचे. एका वर्षी ते दोन महिन्यांच्या रजेवर गेले आणि फळ्यांची यादी माझ्याकडे देऊन गेले. "मिसेस के, तुम्ही शिस्तीच्या आहात. मला काळजी नाही," म्हणाले. मी शिस्तीनेच केलं. शाळेत गुणांप्रमाणे तुकड्या पाडतात तशा पाडल्या. सर्वांत हुशार तिघं अ तुकडीत, त्याखालचे ब, उरलेले क. पहिल्या फळीत तिघं आले. मीका हा फिनलंडचा इंजिनिअर, याचा नेम असा की टोल्याचा आवाज यायच्या आधी पक जाळ्यात. फहद हा सौदी मुलगा, कॅनडात शिकताना हॉकी शिकून आलेला, वाऱ्यासारखा. तिसरे ऑलिव्हर, ब्रिटिश, हाडांचे डॉक्टर. दिसायला फार सुंदर खेळ. तिघं एकमेकांना पास द्यायचे, पुन्हा पास द्यायचे, आग्रह चाललेल्या पंगतीसारखं. पक कोपऱ्यात गेला की मात्र तिघंही थोडे लांब उभे राहून तो बाहेर यायची वाट बघायचे. जुबैलचे दांडगे वेल्डर तो घेऊन जायचे. आम्ही लागोपाठ तीन सामने हरलो.

मी ग्लेनना फोन करून यादी वाचून दाखवली. ते बराच वेळ हसले.

"मिसेस के, डॉक्टरला दुसऱ्या फळीत न्या. त्याच्या जागी पाइपवाला घाला."

"हनीफ? ग्लेन, त्याला नेम धरता येत नाही. क तुकडीतसुद्धा तो शेवटचा आहे."

"नेम धरणारे दोघं आहेत ना तिथे. त्यांना पक कोण आणून देणार?"

आता हनीफ कोण ते सांगते. हनीफ हर्णैचा. घरची मासेमारी. पाइप फिटर म्हणून जुबैलला आला, तिथून कंत्राटदाराने या रिंकच्या कामावर पाठवला. बर्फाखाली थंड द्रावाच्या नळ्यांचं जाळं असतं, ते त्याच्या हातचं. रिंकच्या मालकाने त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, स्वतःकडे करून घेतला आणि बर्फ गोठवणारा प्लांट त्याच्या ताब्यात दिला. सकाळी बर्फाची जाडी तपासायला आत जावं लागे, त्यात तो स्केटिंग शिकला. दिसायला ते स्केटिंग नव्हतंच. गुडघे वाकवून, पाय फाकवून, हलत्या होडीवर उभा असल्यासारखा तो जायचा. पण कितीही धक्के मारले तरी पडायचा नाही. संघाला एकदा माणूस कमी पडला म्हणून उसनं सामान घालून तो उतरला, आणि मग उतरतच राहिला. चाळिशीचा माणूस. मला बाई म्हणायचा, त्याच्या गावातल्या शाळेतल्यासारखं.

नवी यादी लावली त्या दिवशी डॉक्टर ऑलिव्हर माझ्या टेबलापाशी आले. लोकांची मोडकी हाडं जोडणारा माणूस, पण चेहरा सहावीतल्या मुलाचा. "मॅडम, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "तुमचं नाही, माझं चुकलं होतं." फहदने आवाज खाली आणून विचारलं, "मिस, तो एसीवाला आमच्याबरोबर?" मीकाने नुसत्या स्केट्सच्या नाड्या आवळल्या. फिनलंडचे लोक बोलतच नाहीत.

हनीफला मी काम समजावून सांगायला गेले. वाटलं, आता सईला लागलं तसं त्यालाही लागेल. तो हातमोजे घालता घालता म्हणाला, "बाई, आमच्या बोटीवर हुकूम देणारा तांडेल एकच. मी नि माझे भाऊ जाळं ओढायचो. तांडेल आम्हाला कमी समजत नाय नि आम्ही बी स्वतःला समजत नाय. कुठं उभं राहायचं तेवढं सांगा."

उभं राहायचं होतं समोरच्या गोलरक्षकाच्या पुढ्यात. त्याला पक दिसू द्यायचा नाही, आणि मागून दोन जण कंबरेत काठ्या खुपसत असले तरी हलायचं नाही. पक कोपऱ्यात गेला की भिंतीशी दोघातिघांच्या गर्दीत घुसून तो पायाने, काठीने, जमेल तसा बाहेर ढकलायचा. मागचा कुणीतरी तो घेऊन मीका-फहदपर्यंत पोचवणार. आम्ही जिंकायला लागलो. दुसऱ्याच महिन्यात फहद बाकावरून अरबीत "चल, चल" म्हणून ओरडायला लागला, "हनीफभाई, यल्ला, यल्ला!" आणि एकदा प्लांट मध्येच बंद पडल्यावर हनीफ स्केट्स न काढता, पात्यांवर रबरी कव्हरं चढवून, फडाक फडाक चालत मशिनकडे गेला, तेव्हा त्याची हत्यारांची पेटी उचलून मागे धावणारा फहदच होता.

पण एक गोष्ट होती. हॉकीच्या कागदावर गोल करणाऱ्याचं नाव लिहितात आणि त्याआधीच्या दोन पासांची नावं लिहितात. तिसऱ्या पासाला रकाना नाही. हनीफचं काम नेहमी तिसऱ्या पासाचं. तो कोपऱ्यातून पक काढणार, फहदच्या मागच्या कुणाला तरी देणार, तो फहदला, फहद मीकाला. गोल मीका, पास दोघांचे. गोलरक्षकासमोर उभं राहण्याला तर रकाना नाहीच. सामना संपला की हनीफ टेबलाशी येऊन माझ्या कागदावर वाकायचा.

"बाई, आज पन नाय ना आपलं नाव?"

"नाही रे."

"नाजियाला काय सांगू?"

नाजिया त्याची मुलगी, तेरा वर्षांची, हर्णैला आजीपाशी. दर शुक्रवारी विचारायची, "अब्बा, गोल केला काय?" तो हे मला हसत सांगायचा, पण कागदावरचं नाव विचारल्याशिवाय त्याचा एकही शुक्रवार गेला नाही. म्हणून मी घरच्या वहीत माझा स्वतःचा एक रकाना आखला. गोल झाला तेव्हा गोलसमोर कोण होतं? बहुतेक ओळींत एकच नाव येत होतं. ते मी त्याला कधी दाखवलं नाही. त्याला काय अर्थ, असं वाटलं.

एका शुक्रवारी नाजियाला सामना बघायचा होता. हनीफने व्हिडिओ लावून फोन माझ्या पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. आणि त्याच दिवशी पक नेमका त्याच्या काठीवर आला. गोलरक्षक पडलेला, समोर अर्धं जाळं मोकळं. हनीफने मान वळवून बघितलं आणि पक फहदकडे दिला. फहदने गोल केला. माझ्या टेबलावरून फोन किंचाळला, "अब्बा, मारायचा नाऽऽ!" सगळा बाक वळून बघायला लागला. तिथल्या बहुतेकांना मराठी कळत नव्हतं, पण हे सगळ्यांना कळलं.

"का नाही मारलास?" मी नंतर विचारलं.

"माझा नेम तुम्हाला माहीत हाय. फहद मोकळा होता. मी मारला असता तर तुमच्या टेबलाची काच गेली असती." त्या दिवशी पासाच्या रकान्यात त्याचं नाव आलं, गोलच्या नाही.

पुढच्या वर्षी त्याच्या भावाने गावाकडे नवी बोट घेतली. घरचं माणूस हवं होतं. हनीफने कायमची एक्झिट लावली, म्हणजे सौदी सोडायचे कागद केले. मंगळवारचं विमान होतं. त्याआधीच्या शुक्रवारी शेवटचा सामना, जुबैलशी, मोसमाच्या चषकासाठी. चषक प्लॅस्टिकचा होता, पण त्यासाठी जुबैलचे लोक बस भरून आले होते. सामन्याआधी हनीफ एवढंच म्हणाला, "बाई, आज शेवटचं. एक तरी लिहा." मी म्हटलं, "तू कर, मी लिहिते."

एक-एक बरोबरी. शेवटची तीन मिनिटं. हनीफ गोलसमोर, दोन वेल्डर त्याला ढकलताहेत, तो गुडघे वाकवून उभा. फहदने मीकाला दिला, मीकाने लांबून मारला, जाळं हललं. आरडाओरडा. सगळे मीकावर पडले. मी लिहिलं: गोल, मीका. पास, फहद. मला जे दिसलं ते लिहिलं. खरं सांगायचं तर मला जे नेहमी दिसायचं ते लिहिलं. सामना संपला, पंचांनी सही केली, दोन्ही कप्तानांनी केली.

हनीफ टेबलाशी आला, नेहमीसारखा वाकला. कागद वाचला. "बरं," म्हणाला आणि प्लांट बघायला गेला. मला वाटलं, दमलाय.

शनिवारी मीका विसरलेला हातमोजा न्यायला आला. अकरा वर्षांत तो माझ्याशी सर्वांत जास्त बोलला ते तेव्हा. "हनीफने मुलीला कागद पाठवला का?"

"कुठला कागद?"

"त्याचा गोल. माझा टोला बाहेर जात होता. त्याच्या नडगीला लागून आत गेला. ज्याला शेवटचा लागतो त्याचा गोल. तुम्ही लिहिलंच असेल."

मी तडक प्लांटरूममध्ये गेले. हनीफ नव्या ऑपरेटरला व्हॉल्व्ह दाखवत होता.

"पक तुला लागला होता?"

"लागला की."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने हात पुसले. "तीन सह्या झाल्या होत्या, बाई. नि तुम्ही खाडाखोड करत नाय."

त्या दुपारी मी पंचांना फोन केला. त्यांना वाईट वाटलं, पण सह्यांनंतर कागद बंद, असा नियम. जुबैलच्या कप्तानाला फोन केला. "मॅडम, खलास. सही झाली," तो म्हणाला. नियम वाचून दाखवायला लागला, तेव्हा मी त्याला थांबवलं. मला तो पाठ होता. दोन वर्षांपूर्वी एका भांडणानंतर तो मसुदा मीच लिहिला होता, आणि ग्लेननी माझ्या भाषेचं कौतुक केलं होतं.

मंगळवारी सकाळी हनीफ हिशोब पुरा करून, बॅग घेऊन ऑफिसात आला. मी रविवारची संध्याकाळ माझ्या वहीतला रकाना चांगल्या कागदावर उतरवण्यात घालवली होती. कुठला सामना, कुणाचा गोल, आणि गोलसमोर कोण. हनीफ, हनीफ, हनीफ, दोन पानभर. मी ते त्याच्या हातात दिलं आणि सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे दोन्ही पानं वाचली, बोट ओळींवरून खाली नेत. मला वाटलं, आता याला बरं वाटेल.

"हे लई चांगलं हाय, बाई," तो म्हणाला. पानं नीट घडी करून खिशात ठेवली. मग खाली बघून म्हणाला, "पन गोलच्या खाली माझं नाव एकदा असतं तर."

माणसाला जे हवं होतं त्याच्या जागी मी दुसरंच काहीतरी दिलं होतं, आणि वर समजावूनही सांगितलं होतं.

लीगचा कागद माझ्या हातात नव्हता. रिंकची नोंदवही होती, तिच्यात मी प्रत्येक सामना उतरवून ठेवत असे. मी ती काढली. शुक्रवारचं पान उघडलं. पट्टी ठेवून मीकाच्या नावावर आडवी रेघ मारली, वर हनीफ लिहिलं, पासाच्या रकान्यात मीका आणि फहद. समासात लिहिलं: "लिहिणारीची चूक." खाली सही केली. अकरा वर्षांतली त्या वहीतली पहिली खाडाखोड. लीगच्या कागदावर तो गोल आजही मीकाचाच आहे.

हनीफने फोटो काढून तिथूनच नाजियाला पाठवला. ती अजून शाळेत निघाली नसावी, लगेच तिचा व्हॉइस मेसेज आला. त्याने मोठ्याने लावला: "अब्बा, यात खाडाखोड दिसते. तुम्हीच लिहिलंत काय?"

हनीफ इतका हसला की त्याला खुर्चीवर बसावं लागलं. मग फोन तोंडाशी धरून म्हणाला, "नाय गं. बाईंचं अक्षर हाय." आणि फोन माझ्यापुढे केला. मी म्हटलं, "नाजिया, मी बाई बोलते. गोल तुझ्या अब्बांचाच." बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्याला विमानतळावर न्यायला फहद आला होता.

तर सई, तुझा प्रश्न. नाही, तू त्या दोघींची मेड नाहीस. कोचला खेळ कळतो म्हणून तिने तुला तिथे ठेवलं आहे. कोपऱ्यात जा, गोलसमोर उभी राहा, गुडघे वाकवून. पण गोल करावासा वाटणं चूक नाही, आणि कुणी सांगितलं म्हणून ते सोडू नकोस. एवढं कर. पक तुझ्या नडगीला, कोपराला, कुठेही लागून आत गेला, तर लगेच टेबलाशी जा आणि मोठ्याने सांग. सह्या व्हायच्या आत. तिथे बसलेल्या बाईचं अक्षर कितीही चांगलं असलं तरी तिचं लक्ष मारणारीकडे असतं.